उताऱ्याचं कलम

४ मार्च, मंगळवार

निसर्गोपचार परिषदेचं पत्र आलं. पाकीट फोडायच्या आधी ह्यांनी ते खिडकीच्या उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "तुझी नोंदणी रद्द केलेली दिसते." ह्यांचे विनोद असेच.

निसर्गोपचारकांनी चेहऱ्याच्या सौंदर्यासाठी जी इंजेक्शनं द्यायची, त्यांचे नियम ठरवायला पाच जणांची उपसमिती नेमली आहे आणि त्यात मी आहे. अठ्ठावीस वर्षं मातीचे लेप, वाफा, उपास आणि पथ्यं सांगण्यात गेली. आजवर कुणाच्या कपाळाला सुई लावलेली नाही. म्हणूनच निवडलं, असं अध्यक्ष फोनवर म्हणाले. "तुमच्याकडे कुणी बोट दाखवू शकणार नाही, बाई."

हुरळून गेले, हे इथे लिहायला हरकत नाही. संध्याकाळी आरशात पाहिलं. उपसमितीवरच्या बाईला शोभेल असा चष्मा घ्यायला हवा.

११ मार्च, मंगळवार

चार दवाखाने पाहिले आणि डोकं गरगरलं.

जीवनसत्त्वांची इंजेक्शनं द्यायची मुभा आम्हाला दहा वर्षांपूर्वी मिळाली. त्या फटीतून लोक कुठवर शिरलेत! पहिल्या दवाखान्यात वाफेची पेटी कोपऱ्यात ढकलून तिच्यावर टॉवेल रचलेले होते आणि मधोमध मागे कलणारी पांढरी खुर्ची. भिंतीवर दोन दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, चौकटीसकट. मी विचारलं, "सराव कशावर केलात?"

"मोसंब्यावर," तो गृहस्थ म्हणाला. "आणि मग बहिणीवर."

दुसरीकडे औषधाच्या बाटल्या फ्रिजमध्ये, जेवणाच्या डब्याला खेटून. तिसरीकडे बाटल्यांवर लेबलच नाही. "पार्सलने येतात," एवढंच उत्तर. मी थक्क होऊन बाहेर आले. हे सगळे आमच्याच व्यवसायातले, आमच्याच संमेलनात मागच्या रांगेत बसणारे.

चौथा दवाखाना चिमणीचा. ती माझी विद्यार्थिनी. वर्गात पहिल्या बाकावर बसून एकसारखे प्रश्न विचारायची, म्हणून सगळे चिमणी म्हणायचो. तिथे मात्र जीव थाऱ्यावर आला. स्वच्छ खोली, प्रत्येक रुग्णाची वेगळी फाइल, हात धुवायला कोपराने उघडणारा नळ. तिने तीन महिने एका मोठ्या दवाखान्यात शिकून घेतलं आहे. "मॅडम, तुम्ही आलात, आता नियम शहाणे होतील," ती म्हणाली. पाया पडायला वाकली, मी अडवलं. पण बरं वाटलं.

२० मार्च, गुरुवार

पहिली बैठक. आम्ही तिघं निसर्गोपचारक, एक त्वचारोगतज्ज्ञ आणि रुग्णांच्या वतीने पोस्टातून निवृत्त झालेले एक काका.

त्वचावाली (मी मनात तिला हेच म्हणते) कोरड्या स्वभावाची. चहासुद्धा घेतला नाही. तिने सांगितलं, "सुरकुत्यांच्या इंजेक्शनाबद्दल मी नंतर बोलेन. आधी फिलर. फिलर म्हणजे आठ्या भरून काढायला कातडीखाली सोडायचं घट्ट जेल. सुई चुकून रक्तवाहिनीत गेली तर ते तिथे बुचासारखं बसतं. दोन भुवयांच्या मधून आणि नाकावरून डोळ्याकडे जाणाऱ्या वाटा आहेत. तसं झालं की तुमच्या हातात फक्त मिनिटं असतात. ते जेल विरघळवणारा उतारा आहे, तो टेबलावर पाहिजे. कुलपातल्या कपाटात नाही, शेजारच्या गल्लीत नाही. टेबलावर."

मसुद्यातलं सातवं कलम तेच होतं: उताऱ्याच्या पुरेशा बाटल्या दवाखान्यात असल्याशिवाय फिलर देऊ नये.

घरी येऊन चिमणीला फोन केला. ती म्हणाली, "मॅडम, बाटल्यांची मुदत संपते आणि न वापरता फेकाव्या लागतात. मोठ्या साखळी-दवाखान्यांना परवडतं. आम्ही छोटे मरतो." मग, "पण तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

योग्य काय ते मला कळतं.

३ एप्रिल, गुरुवार

आजचा दिवस माझा होता. तपशिलात लिहून ठेवते.

सातवं कलम चर्चेला निघालं तेव्हा मी त्वचावालीला विचारलं, "आपल्याकडे असे किती डोळे गेले?"

"कुणी मोजलेले नाहीत."

"मोजलेलेच नाहीत तर आपण घाबरायचं कशाला?"

आमच्या बाजूचे दोघं हसले. ती हसली नाही. म्हणाली, "मोजलेले नाहीत म्हणून तर घाबरते." मग मी उभी राहिले. म्हटलं, ही अट सुरक्षेची नाही, मक्तेदारीची आहे. आमच्या लोकांना दारातच अडवायचं आणि सगळे चेहरे आपल्याकडे ओढायचे. अठ्ठावीस वर्षांत माझा आवाज कधी इतका लागला नव्हता.

आणि पर्यायी वाक्य मीच सुचवलं: "उतारा जवळच्या रुग्णालयात उपलब्ध असल्याची लेखी खात्री करून घ्यावी." सुटसुटीत. कुणाला जाच नाही.

पोस्टकाकांनी हात वर केला. "जवळचं म्हणजे पायी जवळचं की गाडीने?"

"काका, आपल्याला पत्रं वाटायची नाहीत," मी म्हटलं. मोठा हशा झाला. काकाही हसले, पण त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

तीन विरुद्ध दोन. कलम माझ्या शब्दांत मंजूर. त्वचावालीने कागद गोळा करताना एवढंच विचारलं, "तुम्ही हे जेल कधी हातात धरून पाहिलंय का हो?" खोचक बाई.

९ मे, शुक्रवार

नियम लागू झाले. परिषदेच्या पत्रिकेत माझा फोटो आहे, नव्या चष्म्यासह. ह्यांनी पाहून विचारलं, "ही कोण न्यायाधीश?"

चिमणीचा फोन आला. तिचा आवाज नुसता फुलला होता. रुग्णालयाचं लेखी पत्र तिने घेतलं, फाइलला लावलं. "मॅडम, तुमच्यामुळे एक मोठा भार उतरला. आज सकाळीच मोकळी झाले." कसला भार ते मी विचारलं नाही. तिची भरभराट होवो.

१७ जून, मंगळवार

आत्ताच लिहिते, नाहीतर उद्या मी हे वेगळंच आठवेन.

दुपारी पावणेचारला चिमणीचा फोन. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग, "मॅडम, तिला दिसत नाहीये."

"कुणाला?"

"दोन भुवयांच्या मध्ये फिलर दिला. सुई काढली आणि ती उजवा डोळा उघडून म्हणाली, दिवा का घालवला? मॅडम, दिवा चालू आहे."

तिचा दवाखाना माझ्या घरापासून दोन चौक. मी घरातल्या चपला तशाच, पर्स नाही, धावत गेले. खुर्चीवर पंचेचाळिशीची एक दणकट बाई, हात खुर्चीच्या कडेला घट्ट. भुवयांच्या मधली कातडी कागदासारखी पांढरी आणि तिच्याभोवती कपाळावर निळसर जाळं उमटत चाललेलं. मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. डावा डोळा टॉवेलखाली झाकलेला, उजवा उघडा होता, आणि त्या डोळ्याने ती माझ्याकडे बघत होती पण बघत नव्हती.

"आणखी कोण आलं?" तिने विचारलं. अगदी साध्या आवाजात. दारावर कुणी आल्यासारखं.

चिमणी गरम पाण्याचा टॉवेल दाबत होती आणि दुसऱ्या हाताने फोन. ज्या रुग्णालयाचं पत्र होतं तिथे तीन जणांनी तिला एकाकडून दुसऱ्याकडे जोडून दिलं. चौथा म्हणाला की ते औषध त्यांच्याकडे होतं, पण मुदत संपली म्हणून गेल्या महिन्यात काढून टाकलं, नवं मागवलेलं नाही. "पत्र?" तो म्हणाला. "पत्र प्रशासनाने दिलं असेल. ते खालच्या मजल्यावर बसतात."

मग मी त्वचावालीला फोन केला. काय बोलले आठवत नाही. तिने दोनच प्रश्न विचारले: किती वेळ झाला, आणि दुसरा डोळा ठीक आहे का. मग म्हणाली, "रुग्णवाहिका बोलवा आणि माझ्या दवाखान्याकडे निघा. मी सुया भरून खाली उभी राहते." एका शब्दाने डिवचलं नाही. डिवचलं असतं तर मला हायसं वाटलं असतं.

पोहोचलो तेव्हा एक तास दहा मिनिटं झाली होती. ती खरंच फुटपाथवर उभी होती, हातमोजे घालून. तिने गाडीतच काम सुरू केलं. कपाळावर सुईमागून सुई. हळूहळू ते निळं जाळं विरलं, पांढऱ्या कातडीत रंग आला. मी म्हटलं, "झालं ना? सुटलं ना?"

तिने मान हलवली. "कातडी वाचेल. आता मोठ्या नेत्र रुग्णालयात न्या. पण डोळ्याचं..."

१८ जून

उजवा डोळा गेला. पडदा मेला, असं नेत्रतज्ज्ञ म्हणाले.

२० जून, शुक्रवार

त्या बाईला भेटायला गेले. शाळेची बस चालवते. एकोणीस वर्षं, एकदाही कुणाला घासलेली नाही, हे तिने मला पहिल्या दोन मिनिटांत सांगितलं. शेजारी तिचा थोरला भाऊ बसला होता, तो सुतार आहे. त्याच्या नखांत भुसा होता. त्याने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

मी न राहवून विचारलं, "हे करून घ्यावंसं का वाटलं तुम्हाला?"

ती जराशी लाजली. तिच्या दोन भुवयांच्या मध्ये खोल आठी होती, तरुणपणापासूनची. उन्हात गाडी चालवून चालवून पडलेली. "लहान वर्गातली पोरं चढताना घाबरतात हो. एकीने आईला सांगितलं, गाडीवाली मावशी रोज रागावलेली असते. मी आयुष्यात एका पोरावर ओरडले नाही. म्हटलं, एवढी आठी गेली तर बरं."

मी तिच्या उशाजवळचा पेला भरून ठेवला.

"चष्म्याने नजर येईल ना?" तिने विचारलं. भावाने खिडकीकडे तोंड फिरवलं. तिला अजून नीट सांगितलेलं नाही, की सांगितलंय आणि तिने ऐकलं नाही, कोण जाणे. एका डोळ्यावर बस चालवायचा परवाना मिळत नाही, हे मला माहीत आहे. तिला तर माझ्याहून पक्कं माहीत असणार.

तिने विचारलं, "तुम्ही कोण?" मी म्हटलं, "त्या डॉक्टरांना मी शिकवलंय." खोटं नाही ते. माझा हात तिने दोन्ही हातांत धरला. "तुम्ही धावत आलात, मोठे उपकार झाले."

येताना जिन्यात थांबून भिंतीला टेकले.

२३ जून, सोमवार

अध्यक्षांचा फोन. चौकशीचा अहवाल तयार होतो आहे. आवाजात कमालीचा उत्साह. "बाई, निश्चिंत राहा. फाइल तपासली. लेखी पत्र आहे, संमतीपत्र आहे, प्रशिक्षण आहे. नियमभंग शून्य. सातव्या कलमाचं तर अक्षर न् अक्षर पाळलंय."

फोन ठेवला आणि मला सुटल्यासारखं वाटलं. लिहायलाच हवं: सुटल्यासारखं वाटलं. पाच मिनिटं असेल. चहा ठेवला, गाणं गुणगुणले. मग ते गुणगुणणं माझ्याच कानावर पडलं आणि मला माझी भीती वाटली. ती बाई तिकडे अंथरुणावर एका डोळ्याने पेल्याचा अंदाज घेते आहे, आणि इथे माझ्या घशातून गाणं येतं!

२४ जून, मंगळवार

चिमणी आली. दोन रात्री झोपली नसावी. दवाखाना बंद केला आहे. सोफ्याच्या अगदी कडेवर बसली, कुणीही उठवलं तर लगेच जाता यावं तशी.

मी म्हटलं, "तुझी चूक नाही. नियमात सगळं बसतंय. अध्यक्षही तेच म्हणाले."

"मॅडम, माझ्याकडे होत्या."

"काय?"

"उताऱ्याच्या बाटल्या. सहा. तुम्ही दवाखाना पाहायला आलात ना, तेव्हाही होत्या, टेबलाच्या वरच्या खणात. मोठ्या दवाखान्यात शिकवलं होतं की त्यांच्याशिवाय सुई उचलायची नाही. मी घाबरतच मागवल्या होत्या." तिने बोटं मोडली. "मग नियम आला. तुमचं कलम मी दोनदा वाचलं. म्हटलं, मॅडमनीच लिहिलंय म्हणजे विचार केलेला असणार. एवढ्या बाटल्या ठेवायची गरज असती तर मॅडमनी कशाला काढलं असतं? नऊ मेला परत पाठवल्या. तुम्हाला फोन केला होता."

भार उतरला. मोकळी झाले.

मी तिच्याकडे बघत राहिले. वर्गात ही पोर प्रत्येक वाक्यावर "का?" विचारायची, आणि मी तिला म्हणायचे, सगळ्याला का विचारू नये, कधी विश्वासही ठेवावा. तिने ठेवला.

हे आतून पाणी घेऊन आले, दोघींसमोर पेले ठेवले आणि परत गेले.

२५ जून

जेवताना हे म्हणाले, "तू कुठलाच नियम मोडलेला नाहीस."

"मोडला नाही. मी केला."

ते ताट उचलून आत गेले. मला वाटत होतं बोलतील.

२८ जून, शनिवार

त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी चहा दिला. मी विचारलं, "बाटल्या तिथेच असत्या तर डोळा वाचला असता?"

"छातीठोक सांगणार नाही. डोळ्याच्या बाबतीत उताराही कित्येकदा हरतो. म्हणूनच माझ्या हाती असतं तर भुवयांच्या मध्ये मी कुणालाच देऊ दिलं नसतं. पण पहिल्या पाच मिनिटांत प्रयत्न झाला असता. तुमच्या नियमाने तो प्रयत्न सत्तर मिनिटं लांब नेऊन ठेवला."

मी हे ऐकायला गेले नव्हते. "नसता वाचला" ऐकायला गेले होते. त्यांनी ते ओळखलं असणार.

उठताना त्यांनी खणातून एक भरलेली सुई काढून माझ्या तळहातावर जेलचा थेंब ठेवला. पारदर्शक, चिकट. बोटाने दाबला तरी हलेना. अर्ध्या तांदळाएवढा होता. मी तो तसाच मुठीत धरून घरापर्यंत आले.

२ जुलै, बुधवार

परिषदेची सुनावणी. अध्यक्षांनी सकाळी पुन्हा फोन केला होता: "तुम्ही फक्त एवढंच सांगा की कलम सर्वानुमते होतं." मी म्हटलं, तीन विरुद्ध दोन होतं. ते म्हणाले, "इतिवृत्तात आकडे नाहीत." मला कल्पनाच नव्हती.

सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत मोसंबीवाला गृहस्थही होता, घाम पुसत. ती बाई भावासोबत आली होती. डोळ्यावरची पट्टी काढली आहे. लांबून काही कळत नाही, डोळा डोळ्यासारखाच दिसतो. भुवयांच्या मध्ये डागासारखी खूण आहे आणि आठी जशीच्या तशी आहे.

अध्यक्षांनी अहवाल वाचला. नियमभंग आढळला नाही. खेदजनक, दुर्मीळ, अपघाती.

तिने उभं राहून विचारलं, "म्हणजे सगळं बरोबर झालं?"

अध्यक्ष म्हणाले, "नियमांच्या दृष्टीने, हो."

"मग नियमच सांगत होता का, की माझा डोळा जावा?"

मागे कुणीतरी खुर्ची सरकवली. पोस्टकाका समोरच्या टेबलावरून माझ्याकडे पाहत होते. मी उभी राहिले. मला वाटलं होतं मी रडेन. रडले नाही. म्हटलं, मूळ मसुद्यात उतारा टेबलावर ठेवायची सक्ती होती. ती मी काढली. मला चेहऱ्याच्या इंजेक्शनातलं काही कळत नव्हतं आणि न कळता मी मोठ्याने बोलले. या डॉक्टरकडे सहा बाटल्या होत्या, माझं कलम वाचून तिने त्या परत पाठवल्या. मतं तीन विरुद्ध दोन होती. ज्यांनी विरोध केला त्यांनी नेमकं हेच होईल असं सांगितलं होतं आणि मी त्यांची चेष्टा केली.

अध्यक्ष दोनदा "बाई, बाई" म्हणाले. मी खाली बसले नाही. पोस्टकाकांनी वही उघडली आणि तीन एप्रिलची नोंद वाचून दाखवली, माझ्या वाक्यासकट, हशासकट.

मतदान झालं. जुनं सातवं कलम परत आलं. भुवयांच्या मध्ये आणि नाकावर फिलर द्यायला आमच्या लोकांना पूर्ण बंदी. प्रत्येक इजा महिन्याच्या आत कळवायची, म्हणजे आता मोजलं जाईल. मी उपसमितीचा राजीनामा दिला. नियमभंग नसला तरी चिमणीचा इंजेक्शनाचा परवाना वर्षभर स्थगित. तिने मान खाली घालून ऐकलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

मला वाटलं, निदान एक गोष्ट नीट झाली. खरं सांगायचं तर बाहेर पडताना मी त्या बाईच्या भेटीची वाटच पाहत होते. ती काहीतरी बोलेल असं वाटत होतं.

ती बोलली. वरांड्यात, भाऊ गाडी आणायला गेला होता तेव्हा.

"रुग्णालयात आलात त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं, तो नियम तुमचाच ते?"

"हो."

"मी तुमचा हात धरला तेव्हा?"

"हो."

तिने मान हलवली, पत्ता नीट समजल्यासारखी. "आज तुम्ही खरं बोललात, ते ऐकलं मी. बरं केलंत. पण हे बारा दिवस मी घरात सगळ्यांना सांगत होते, त्या मॅडम आहेत आपल्या बाजूने. मुलाला सांगितलं, वहिनीला सांगितलं." तिने पिशवी खांद्यावर घेतली. "आता त्यांना काय सांगू?"

खाली भावाने हॉर्न वाजवला. ती जिन्याकडे वळली. पहिल्या पायरीचा तिचा अंदाज चुकला, पाऊल हवेतच राहिलं. मी झटकन हात पुढे केला.

तिने तो पाहिला, डाव्या डोळ्याने. मग कठडा धरला, आणि पायाने एकेक पायरी चाचपत उतरत गेली. तेवीस पायऱ्या. ती फाटकाबाहेर जाईपर्यंत माझा हात तसाच पुढे होता.